मावशीचा भिंतीवरचा फोटो

मला कॅमेऱ्यांचं वेड नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण वेड असलेल्यांच्या घोळक्यात मी बरेच महिने रविवारची झोप सोडून जात होते, आणि कोणी मला त्यांच्यातली समजलं तर ते मला चालणार नाही.

कॅमेरा मामेभावाचा. त्याने चोरबाजारातून सत्तरच्या दशकातलं हे जपानी यंत्र उचललं, ते गळ्यात घालून स्वतःचे फोटो मोबाइलवर काढून घेतले, आणि कॅनडाला जाताना आमच्या लालबागच्या खोलीत कपाटावर ठेवून गेला. आत एक रोल अर्ध्यातच अडकलेला होता. हौस त्याच्याही आधी अडकली असावी.

मी तो वापरायला लागले ते निव्वळ कुतूहलाने. हा रेंजफाइंडर, म्हणजे यात आपण लेन्समधून बघतच नाही. लेन्स खाली, आणि बघायची खिडकी वर एका कोपऱ्यात, वेगळी. खिडकीच्या मधोमध एक पिवळट चौकोन असतो आणि त्यात समोरची गोष्ट दोनदा दिसते: एक खरी आणि एक तिची फिकट भुतासारखी जोडीदारीण. लेन्सभोवतीची कडी फिरवत गेलं की त्या दोघी एकमेकींकडे सरकतात. एकीवर एक नेमकी बसली की फोकस झाला. खटका दाबल्यावर येणारा आवाज इतका कमी, की बशीत चमचा ठेवल्यासारखा. प्रकाश मोजणारा काटा मेलेला, कारण त्याला लागणारा सेल आता बनत नाही. तेव्हा उन्हाकडे बघायचं, अंदाज करायचा आणि आकडे लावायचे.

शिवाय हातभर अंतराच्या आत आलेलं त्याला धड दिसत नाही. फार जवळ आलेल्या माणसाच्या दोन प्रतिमा काही केल्या जुळत नाहीत. हा गुण माझ्यातही आहे, त्यामुळे आमचं जमलं.

रोल घालायला शिकायचं म्हणून मी दादरच्या एका फिल्म-फोटोग्राफी ग्रुपमध्ये जायला लागले. ते शिकायला फारसा वेळ लागत नाही. फिल्मचं टोक समोरच्या चक्रीत अडकवायचं, कॅमेऱ्याची पाठ लावायची, फिल्म ओढायचा दांडा फिरवताना दुसऱ्या बाजूची गुंडाळायची मूठ आपोआप फिरतेय का बघायचं. फिरली तर फिल्म पुढे सरकतेय, नाही फिरली तर आपण हवेचे फोटो काढतोय. एवढंच. पण त्या ग्रुपमध्ये एवढंच असं काही नसायचं. तिथे प्रत्येक गोष्टीचा 'प्रवास' असायचा.

ग्रुप चालवणाऱ्यांना सगळे 'सर' म्हणत, म्हणून मीही म्हणायचे. ते कुठल्याच शाळा-कॉलेजात शिकवत नव्हते. शिवाजी पार्कजवळ घर, खादीचे सदरे, छातीशी एक जर्मन रेंजफाइंडर. त्यावरचं कंपनीचं नाव त्यांनी काळ्या चिकटपट्टीने झाकलं होतं. मला दिखावा आवडत नाही, असं म्हणायचे. पट्टीखाली कोणतं नाव आहे, ते नव्या माणसाला चहा यायच्या आत कळलेलं असायचं.

सरांची काही वचनं होती. फिल्म माणसाला थांबायला शिकवते. डिजिटलला आत्मा नसतो. आणि सर्वांत लाडकं: "एक फ्रेम, एक क्लिक. दुसरा क्लिक म्हणजे पहिल्यावरचा अविश्वास." मुलं माना डोलवत. मग हेच आत्मावाले फोटो स्कॅन होऊन मोबाइलवर चढत, आणि आत्म्याला किती लाइक आले ते दर पाच मिनिटांनी बघितलं जाई.

मी गप्प असायचे. मी इंग्रजी शाळेत शिकले, चाळीत राहिले, आणि दोन्हीकडे कमी बोलले की बरं असतं हे लवकर शिकले. पण एकदा सरांनी विचारलं, "तू कुठून येतेस गं?" मी लालबाग म्हटलं. मग विचारलं, बिल्डिंग की चाळ? मी चाळ म्हटलं. त्यांचे डोळे असे चमकले, की मला वाटलं मी चुकून लॉटरी लागलेलं तिकीट दाखवलं.

"आणि रिडेव्हलपमेंट?"

"बोलणी चालू आहेत."

"म्हणजे जाणार हे सगळं," ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजातलं दुःख इतकं ताजंतवानं होतं की भूक लागल्यासारखं वाटत होतं. "पुढचा फोटोवॉक तुझ्याकडे. ठरलं."

माझ्याने नाही म्हणवलं नाही. घरी सांगितलं तेव्हा आई तांदूळ धूत होती.

"तुझे ते फोटोवाले इथे येऊन काय बघणार? संडास?"

"असंच. चाळ."

"चाळ काय बघायची? आपण रोज बघतो, आपल्याला कोणी बक्षीस दिलं?"

समोरच्या खोलीतल्या मावशीने मात्र बातमी फार गांभीर्याने घेतली. मावशी मालवणकडची. सगळा मजला तिला मावशी म्हणतो, आमच्यात नातं काही नाही. तिचा नवरा गिरणीत होता, तो वारून बरीच वर्षं झाली; मुलगा-सून बदलापूरला. मावशीला छातीचं ऑपरेशन सांगितलं होतं. तारीख मिळाली होती आणि ती जवळ येत होती. ऑपरेशनला ती घाबरत नव्हती, निदान तसं दाखवत नव्हती. तिचं डोकं एकाच गोष्टीत अडकलं होतं: आपलं काही बरंवाईट झालं तर भिंतीवर कोणता फोटो लागेल?

ही भीती खोटी नव्हती. आमच्या मजल्यावर एका काकूंचा फोटो लग्नाच्या ग्रुपफोटोतून कापून मोठा केला होता, त्यात त्यांच्या खांद्यावर कोणाचा तरी हात राहून गेला. घरात येणारा प्रत्येक माणूस आधी हाताकडे बघतो. मावशीकडे तर तोही पर्याय नव्हता. एक आधार कार्डावरचा फोटो होता. दुसरा मुलाने मोबाइलवर काढला होता, त्यात मोबाइलने आपल्या मनाने तिची कातडी गुळगुळीत करून टाकली होती.

"ह्यो माझो फोटो?" तिने मला दाखवला होता. "ही तर टीव्हीवरच्या शिरेलीतली सासू. आनि आधारावर बघ, चोरी करताना गावलंय जशी. ह्यो लावल्यानी तर मी भूत होऊन येतलंय."

मी म्हटलं होतं, मी काढते. तिने माझ्या कॅमेऱ्याकडे बघितलं. "तुझा ता खेळणा ऱ्हवांदे गो. धा दिसांनी फोटो येतलो, तोय येयत की नाय कोणाक ठावक. माका खरो फोटोग्राफर होयो."

आता खरा फोटोग्राफर येत होता.

त्या रविवारी सकाळी ग्रुप आला. जिन्यात पाऊल टाकल्यापासून त्यांची कुजबुज सुरू झाली, देवळात आल्यासारखी. जिन्याच्या झिजलेल्या लाकडी पायऱ्यांचा फोटो. तुटक्या काचेचा फोटो. दोरीवरच्या ओल्या गाऊनांचा फोटो. ते गाऊन ज्यांचे होते त्या बायका दारात उभ्या होत्या, त्यांचा नाही. आईचं म्हणणं खरं निघालं. त्यांनी संडासांच्या दारांचेही फोटो काढले. गालावर नक्षत्रं गोंदवलेली एक मुलगी मला म्हणाली, "यू आर सो लकी, इथे टाइम थांबलाय." मी आमच्या दारातल्या पाण्याच्या पिंपाकडे बघितलं. पाणी जायच्या आत ते भरायचं होतं. वेळ थांबला असता तर फार बरं झालं असतं.

मावशी तयार होऊन बसली होती. मुलाच्या लग्नातली जांभळी साडी, अंबाडा, गळ्यात बारीक चेन, चष्मा पुसलेला. गॅलरीत खुर्ची मांडून, पाय जोडून, दोन्ही हात मांडीवर. सरांनी तिला बघितलं आणि त्यांचा चेहरा पडला.

"आजी, तुम्ही रोज अशाच बसता?"

"रोज कोण अशी बसतला? जेवान कोण करतला?"

"तेच म्हणतोय. तुम्ही रोजच्यासारखं राहा ना. स्वयंपाक करा, तांदूळ निवडा. आम्ही इथे नाहीच असं समजा."

"मेल्या, तू नाय असा समजान माझो फोटो कसो येतलो?"

ग्रुप हसला. सरही हसले, पण तोंडभर नाही. त्यांनी तिच्या उंबऱ्यातल्या चपलांचा फोटो काढला, खिडकीतल्या करवंटीचा काढला, खुर्चीच्या पायाशी वाकून तिच्या टाचांचा काढला. ते दर फोटोनंतर लेन्सवर टोपी लावायचे. धूळ हा लेन्सचा शत्रू, हे आणखी एक वचन. मावशी शांतपणे बसून होती. टाचांचा फोटो झाल्यावर ती म्हणाली, "आता तोंडाकडे ये. माका भिंतीर लावूक होयो. समोरसून. दोनव कान दिसाक होये."

सर मागे वळून आम्हाला म्हणाले, "बघा. ही डिमांड ऐका. हीच खरी पोर्ट्रेटची परंपरा." आणि मग लहान मुलांना जादू दाखवतात तसे हात पसरून: "सगळे माझ्या मागे या. कोणी क्लिक करायचं नाही. फक्त बघा. एक फ्रेम, एक क्लिक."

आम्ही सगळे त्यांच्या मागे गेलो. गॅलरी अरुंद, त्यामुळे एकाच्या मागे एक, माना उंचावून. सरांनी कॅमेरा डोळ्याला लावला आणि बोलत राहिले. पिवळ्या चौकोनात मी आता चष्म्याची कड जुळवतोय. आता मी तिच्या श्वासाची वाट बघतोय. आता मी कोणी नाही. मावशी ताठ बसली होती, ऑपरेशनच्या टेबलावर निजायला निघालेल्या बाईने शेवटचं बजावून सांगावं तशी लेन्सकडे बघत. बशीत चमचा ठेवल्यासारखा आवाज आला. सर कॅमेरा खाली न घेता क्षणभर तसेच थांबले. कोणीतरी "वॉव" म्हणालं.

"झाला?" मावशी म्हणाली.

"झाला, आजी."

"आनि एक काढ. माझे डोळे मिटले असतले."

"नाही मिटले. मी बघितलंय. दुसरा काढला तर पहिल्याचा अपमान होतो."

मावशीला काही ते पटलेलं दिसलं नाही. पण माणूस दादरहून आलेला, कॅमेरा एवढा मोठा, तिने ऐकून घेतलं. सगळ्यांना चहा दिला. वर आईला म्हणाली, "चला. एक काम झाला."

पुढच्या बैठकीत सरांनी डेव्हलप केलेली फिल्म आणि तिची छोटी छोटी छापलेली चित्रं टेबलावर मांडली. चपला होत्या. करवंटी होती. टाचा होत्या, खूपच स्पष्ट. त्यानंतरच्या चौकटीत काही नव्हतं. फिल्मवर तेवढा तुकडा काचेसारखा स्वच्छ, आणि कागदावर काळाकुट्ट. त्याच्या पुढच्या चौकटीत पुन्हा जिना, व्यवस्थित.

"मावशींचा फोटो?" मी विचारलं. त्या ग्रुपमध्ये मी आपण होऊन विचारलेला तो पहिलाच प्रश्न असावा.

सरांनी त्या काळ्या चौकोनावर बोट ठेवलं. "हा." मग थांबले. थांबणं त्यांना छान जमायचं. "आला नाही. दमट हवेत जुन्या यंत्राचं शटर कधी कधी उघडायला नकार देतो. आणि मला वाटतं, हेच योग्य आहे. ती जागा जाणार, ती माणसं जाणार. फिल्मने आपल्याआधी ते ओळखलं. मी हा असाच मोठा छापणार आहे. काळा. खाली नुसतं लिहायचं: मावशी."

नक्षत्रंवाल्या मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. खरंच आलं, मी बघितलं.

मी घरी आले ती तडक मावशीकडे गेले. ती पथ्याचं काहीतरी बेचव खात होती. मी विचारलं, "मावशी, ते फोटो काढत होते तेव्हा तुम्हाला समोर काय दिसत होतं? त्यांचा कॅमेरा कसा दिसत होता?"

"कसो म्हणजे? काळो. मध्ये काळा गोल झाकण."

"काच नव्हती चमकत?"

"नाय गो. झाकण होता. माका वाटला, म्हागाचो कॅमेरो, तसोच असतलो." तिचा घास हातातच राहिला. "कित्याक? फोटो नाय इलो?"

रेंजफाइंडरमध्ये हे होतं. खिडकी वेगळी असल्यामुळे लेन्सवर टोपी असली तरी बघणाऱ्याला सगळं लख्ख दिसत राहतं. चष्म्याची कड जुळते, श्वास दिसतो, सगळं दिसतं. टोपी दिसते फक्त समोरच्याला. आणि समोर एकटी मावशी होती, कारण बाकी सगळे, आपापले कॅमेरे गळ्यात घालून, एका माणसाच्या पाठीमागे उभे होते. दुसरा फोटो काढला असता तर कदाचित मध्ये कोणीतरी पुढे आलं असतं. पण दुसऱ्याने पहिल्याचा अपमान होतो ना.

पुढच्या रविवारी मी ग्रुपमध्ये शेवटची गेले. सर त्या काळ्या चौकोनाच्या आकाराबद्दल बोलत होते, किती मोठा छापावा. मी म्हटलं, "लेन्सवर टोपी होती."

मी हळू बोलते. सर म्हणाले, "काय?"

"टोपी होती. काढली नव्हती. मावशींना दिसत होती."

कोणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच खोकल्यासारखं केलं. सर माझ्याकडे ज्या नजरेने बघत होते ती मी शाळेत पुष्कळ बघितली होती, लालबागचा पत्ता सांगितल्यावर. "इतकी वर्षं मी हा कॅमेरा वापरतोय," ते म्हणाले. "तुला खरंच असं वाटतं?"

"हो," मी म्हटलं.

"बरं, समज होती. तरीही ती फ्रेम खोटी ठरते का? हा जास्त मोठा प्रश्न आहे."

त्यावर चर्चा सुरू झाली. खरोखर चर्चा सुरू झाली! मी माझी पिशवी घेतली आणि जिना उतरले. ज्या बाईला भिंतीवर लावायला तोंड हवं होतं तिला यांनी अंधार दिला होता, आणि त्या अंधाराच्या मापावर हे तासभर बोलू शकत होते.

मावशीची तारीख तोंडावर आली होती. मी दुसऱ्या दिवशी ऑफिसला जायच्या आधी तिच्या दारात उभी राहिले. "खुर्ची आणा बाहेर."

"तू काढतलस?" ती म्हणाली. "तुझ्या त्या खेळण्यान?"

"हो. आणि पुष्कळ काढणार. अपमान झाला तर होऊ दे."

तिने पुन्हा जांभळी साडी नेसली. आधी मी लेन्स तिच्यासमोर धरली आणि म्हटलं, "काच दिसते?" ती वाकून बघून म्हणाली, "माझा तोंड दिसता थय." मग मी जवळ गेले, यंत्राला आणि मला झेपेल तितकी. लोकांना हनुवटी खाली घ्या, इकडे बघा, हलू नका असं सांगायची मला सवय नाही. पण मावशीनेच मला कामाला लावलं. "सांग गो काय ता. अशी मुकी ऱ्हवलंस तर मी काय करू?" म्हणून सांगितलं. पिवळ्या चौकोनात तिच्या चष्म्याच्या दोन कडा होत्या, एक खरी, एक फिकट. कडी थोडी फिरवली, जास्त झाली, परत मागे आणली. जुळल्या. जवळून काढताना खिडकी फसवते, तिला जे दिसतं त्यापेक्षा लेन्सला थोडं खालचं दिसतं आणि डोकं कापलं जातं. म्हणून मी डोक्यावर बरीच मोकळी जागा सोडली. एक काढला. मग दुसरा. मग चष्मा काढून. मग चष्मा घालून. ती मध्येच बोलायला लागली तेव्हाचा एक, तो नको म्हणाली तरी काढला.

रोल गिरगावातल्या एका लॅबला दिला. तिथल्या बाईला ऑपरेशनचं सांगितलं, तेव्हा तिने वेळेत छापून दिला. मावशीने सगळे फोटो पलंगावर मांडले आणि एकेकाला नावं ठेवली. ह्यात कपाळ लय मोठा. ह्यात मी रागावलंय कोणावर? ह्यात बरा आसा, पण पदर वाकडो. शेवटी चष्मावाला, समोरून, दोन्ही कानांचा घेतला. चष्मा पुसून तो पुन्हा बघितला.

"मीच असंय," ती म्हणाली. कौतुक म्हणून नव्हे, तपासणी झाल्यासारखं.

तो फ्रेम करून आणला आणि तिने लगेच लावायला सांगितला, नवऱ्याच्या फोटोशेजारी. ऑपरेशनसाठी आलेल्या सुनेने हात जोडले. "आई, जिवंत माणसाचा फोटो असा त्यांच्या शेजारी लावतात का? अपशकुन होतो. मी ठेवते नीट, वेळ आली की..."

"येळ इली की तू मोबायलातलो लावतलंस. लाव आत्ता." मी स्टुलावर उभी राहून खिळा ठोकला. सून भिंतीकडे पाठ करून उभी राहिली.

ऑपरेशन झालं. मावशी बरेच दिवस हॉस्पिटलात राहून घरी आली, एवढीशी होऊन, छातीवर उशी घट्ट धरून, कारण खोकला आला की टाके दुखत. मुलाने तिला धरून उंबऱ्याच्या आत आणलं. आम्ही मजल्यावरच्या सगळ्या बायका मागे होतो. तिने आधी भिंतीकडे बघितलं. नवऱ्याशेजारच्या खिळ्यावर बँकेचं कॅलेंडर लटकत होतं.

सून म्हणाली, "आई, तुम्ही तिकडे आयसीयूत, आणि इकडे तो फोटो... मला बघवेना. कपाटात आहे, साडीत गुंडाळून. बसा तुम्ही, चहा टाकते."

मावशी बसली नाही. तिला दम लागला होता, एका हाताने तिने दाराची चौकट धरली.

"चाय मगे," ती म्हणाली. "आधी ता कॅलेंडर काढ."